डोईचा दगड

मुलांनो, आधी एक दगड हातात घ्या. खरा जवळ नसेल तर मनातला चालेल. तळहाताएवढा, काळा, एका अंगानं चपटा असा घ्या. तो जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर दुसरा ठेवून बघा. डुलतोय ना? घाई करू नका. वरचा दगड बोटांत धरून हळूहळू फिरवा. फिरवता फिरवता एका जागी तो डुलायचा थांबेल. तिथं त्याची बैठक. प्रत्येक दगडाला कुठं ना कुठं बैठक असते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते.

बसला? मग आता डोंगर चढू या. वेरूळची लेणी ज्या डोंगरात कोरली आहेत, त्याच्या माथ्यावर एक लांबलचक माळ आहे असं समजा. माघ संपत आलाय. गवत वाळून पिवळं पडलंय. वारा आहे, पण त्याला अडवायला झाड नाही. माळाच्या कडेला एक कुडाची झोपडी, तिला लागून काट्यांचं कुंपण घातलेला मेंढवाडा, आणि वीसेक पावलांवर दगडांची एक उतरंड. घरात मडक्यांची उतरंड असते ना, मोठं खाली, लहान वर, तशीच, पण दगडांची. कमरेएवढी उंच. तिच्यासमोर दहा वर्षांची एक मुलगी बसली आहे आणि उतरंडीशी बोलते आहे.

तिचं नाव आवडा. बोलायला तिला दुसरं कोणी नव्हतं.

आई तिला आठवतच नव्हती. झोपडीत ती आणि तिची आजी म्हाळसाबाई, दोघीच. आजीच्या डोळ्यांत पांढरं उतरलेलं, त्यामुळे मेंढरांमागं आवडाच जायची. सकाळी निघायचं, दुपारी पाण्यावर न्यायचं, दिवस कलला की परत. दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडायचा तो फक्त स्वतःचा. कधी कधी ती मुद्दाम मेंढरांवर ओरडायची, नुसतं ऐकायला.

उतरंड तिच्या बाबाची होती.

बाबाचं नाव सूर्यभान. पोलीस ॲक्शन झालं त्या भादव्यात तो फर्दापूरच्या बाजूला एक चांगला मेंढा आणायला गेला होता. "चार दिसांत येतो," म्हणाला होता. तेवढ्यात सगळ्या मुलखात धामधूम उडाली. वाटा बंद झाल्या, गावंच्या गावं रानात पळाली. मग निजामाचं राज्य गेलं, वाटा उघडल्या, पळालेली माणसं परतली. सूर्यभान परतला नाही. कोणी म्हणालं, अजिंठ्याच्या घाटात दिसला होता. कोणी म्हणालं, तो दुसराच कोणीतरी. या गोष्टीला आता अडीच वर्षं झाली होती.

या घरात एक जुनी रीत होती. घरातलं माणूस गेलं की मेंढरं बसतात त्या माळावर त्याच्या नावाची उतरंड रचायची. प्रत्येक नातलगानं एकेक दगड ठेवायचा. सगळ्यांत वरचा, डोईचा दगड मात्र गेलेल्याच्या लेकरानंच ठेवायचा, आणि तो कुठलाही उचललेला दगड चालत नसे. गेलेल्या माणसाच्या हातानं झिजलेला दगड लागायचा. तो दगड बसला म्हणजे माणूस गेलं, असं घर कबूल करायचं. तोवर रोज संध्याकाळी त्याच्या वाटणीची भाकर थापायची आणि दुरडीखाली झाकून ठेवायची. आणि अर्धी उतरंड एकटी टाकून घर हलवायचं नाही.

वर्षभर वाट पाहून म्हाळसाबाईनं उतरंड सुरू केली. खालचा मोठा दगड तिनं स्वतः लोटत आणला. नातलगांनी आपापले दगड ठेवले. आवडाची पाळी आली तेव्हा सूर्यभानचा कातर पाजवायचा दगड शोधायला लागले. मेंढरांची लोकर कापायची कातर तो ज्या दगडावर घासायचा, तो दगड. घासून घासून मध्ये खळगा पडलेला, करड्या रंगाचा. झोपडी पालथी घातली, दगड सापडला नाही.

कसा सापडणार? आवडानं तो मेंढवाड्यात पुरला होता.

तिचा हिशेब साधा होता. दगड नाही तर डोई नाही. डोई नाही तर बाबा गेला नाही. रोज रात्री दुरडीखाली बाबाची भाकर असायची, आणि रोज सकाळी ती शिळी भाकर मिठाबरोबर आवडाच खायची. खाताना तिला वाटायचं, बाबानंच आपल्यासाठी मागं ठेवली.

दगड रचायला तिला बाबानंच शिकवलं होतं. "दगडाला तीन पाय असत्यात, आवडे," तो म्हणायचा. "आधी पाय हुडक." आणि मेंढपाळांची खूणही त्यानंच शिकवली. रानात वाटेला फाटा फुटला की पुढं गेलेल्यानं तिथं तीन दगड रचायचे. खाली दोन चपटे, वर एक लांबट. लांबट दगडाचं तोंड आपण गेलो त्या वाटेकडं. म्हणजे मागून येणारा चुकत नाही. डोंगराखालच्या फाट्यावर त्यानं जाताना रचलेले तीन दगड अजून उभे होते. वरच्याचं तोंड फर्दापूरच्या वाटेकडं.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी कडूबा आला. कडूबा म्हणजे सूर्यभानचा धाकटा भाऊ. त्याचा मोठा कळप होता, आणि दर उन्हाळ्यात तो पैठणच्या रस्त्यानं चितेगावावरून खाली गोदाकाठाला जायचा. तिकडं चारा असतो, आणि शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतात.

त्यानं मेंढवाड्यात डोकावून बघितलं.

"माय, चाळीस व्हती ना गं? ही तर अकराच हायेत."

"मोजता येतंय की तुला," म्हाळसाबाई म्हणाली. "बस. पाणी पी."

"पाणी पितो. पर औंदा मी तुला इचारायला नाय आलो, न्यायला आलोय. दोन उन्हाळे इथं काढले. तिसरा काढला तर मेंढरं बी जातील अन् तू बी."

"अर्धी उतरंड टाकून कशी येऊ?"

"मग पुरी कर!" कडूबाचा आवाज चढला. मग त्याला आवडा दिसली, तसा आवाज खाली आला. "आवडे, इकडं ये, बाय. तो दगड नाय घावला तर दुसरा घे. तुझ्या बापाचा हात काय या माळावर एकाच दगडाला लागला व्हय?"

 आवडा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"तोंडात काय गूळ धरलाय का?"

"तिला नको टोचू," आजी म्हणाली.

"मी टोचत नाय, माय. मला बी भाऊच व्हता त्यो." कडूबानं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "परवा सकाळी माझी मेंढरं डोंगराखालून जातील. आलात तर आलात. नाय आलात तर... मला परत येता येईल का, सांगता येत नाय."

तो गेला. त्या रात्री आजी दोनदा उठून मेंढवाड्यापर्यंत चाचपडत गेली. दुसऱ्यांदा ठेचकाळून पडली. आवडानं तिला उठवलं. आजीनं नुसती लुगड्याची माती झटकली, आणि तेच आवडाला जास्त लागलं.

महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या देवळात ही गर्दी. पहाटेपासून पिपाण्या वाजत होत्या, आवाज वर माळापर्यंत येत होता. तुम्ही म्हणाल, आवडा जत्रेला का गेली नाही? मेंढरं कोण बघणार? ती कड्याच्या टोकाला बसून खाली बघत होती. माणसं एवढी एवढीशी दिसत होती, आणि त्यांतला एकही तिच्या ओळखीचा नव्हता.

दुपारी ती मेंढरांना पलीकडच्या डबक्यावर घेऊन गेली. परत आली तेव्हा उतरंडीजवळ एक बाई उभी होती. विटकं जुनेर, कपाळ मोकळं, खांद्याला कापडी पिशवी. बाई हात जोडून, डोळे मिटून उभी होती.

आणि उतरंडीवर एक दगड जास्त होता.

आवडा धावली. "काय केलं? काय केलं तुम्ही?"

बाईनं दचकून डोळे उघडले. "काय झालं गं पोरी?"

"त्यो दगड कोणी ठेवला?"

"मी ठेवला. घर मागितलं." बाई जरा लाजल्यासारखी हसली. "खालून वर येस्तोवर सगळीकडं लोकांनी आपापली घरं रचलीत, बघितलं नाय का? दगडावर दगड ठेवला की देव घर देतो म्हणत्यात. मला वाकवत नाय फार. हे आयतंच उभं दिसलं, चांगलं उंच. म्हटलं, यावरच एक मजला चढवावा. मागायचंच तर माडी मागावी."

"हे घर नाय!" आवडाचा आवाज फाटला. "ह्यो माझा बाबा हाय!"

बाईचं हसू गेलं. तिनं उतरंडीकडं बघितलं, आवडाकडं बघितलं, आणि मटकन खालीच बसली.

"अगं माझ्या देवा. मला नाय गं ठावं. खरंच नाय ठावं." ती उठून हात पुढं करू लागली. "थांब, काढते मी. आत्ता काढते."

"हात नको लावू, बाई!"

झोपडीच्या दारातून म्हाळसाबाई येत होती, काठीनं वाट चाचपत. तिला दिसत कमी होतं, पण सगळं ऐकू आलं होतं. तिनं उतरंडीवरून हात फिरवत वर नेला. वरच्या नव्या दगडावर येऊन हात थांबला. दगड नीट बसला होता. हलत नव्हता.

"नाव काय तुझं?"

"द्वारका. मी शहरात असते, औरंगाबादेत. दिराच्या ओसरीवर. गावाकडं माझं घर होतं, त्या धामधुमीत जळालं. मालक बी गेले त्यात." द्वारकाबाई घाईघाईनं सांगत होती. "आजी, मला माफी करा. मी दगड उचलते अन् जाते."

"तसा उचलता येत नाय," आजी म्हणाली. "डोई एकदा झाकली की उघडी ठेवायची नाय. आमची रीत हाय. पहिला काढायचा तर दुसरा हातात पाहिजे."

मग ती आवडाकडं वळली. नेमकी आवडा उभी होती तिकडंच वळली.

"आता दोनच गोष्टी हायेत, आवडे. या बाईचा दगड तुझ्या बापाच्या डोईवर राहू द्यायचा. नायतर तुझा ठेवायचा."

"माझ्याकडं कुठाय?"

"कोकरं बांधायच्या खुंटीखाली हाय. वीतभर खोल."

वारा आला आणि गेला. द्वारकाबाई एकीकडून दुसरीकडं बघत राहिली.

"तुला म्हाईत व्हतं?" आवडानं हळूच विचारलं.

"दीड वर्स झालं. खुंटी नवी ठोकायला गेले तर हाताला लागला."

"मग काढला का नाय?"

"त्यो काय माझ्या हातचा हाय? तू पुरला, तूच काढशील. म्हटलं, वाट बघू. वाट बघायची सवय झालीच हाय."

आवडा उतरंडीकडं बघत उभी राहिली. परक्या बाईचा तो दगड तांबूस होता, कुठल्यातरी वाटेवरून उचललेला. बाबानं त्याला कधी हात लावला नव्हता. असाच तो राहिला तर? बाबाच्या उतरंडीवर कोणाचं तरी मागितलेलं घर, आणि बाबाचा दगड खुंटीखाली, मेंढरांच्या लेंड्यांत. इतके दिवस तिनं दगड लपवला होता बाबासाठी. आज पहिल्यांदा तिला वाटलं, आपण त्याला बाबापासूनच लपवलाय.

"आजे," ती म्हणाली, "अन् मग बाबा आला तर?"

म्हाळसाबाईच्या सुरकुतलेल्या तोंडावर हसू आलं.

"आला तर लाथ मारून पाडंल की. त्याचीच उतरंड हाय. कोण त्याला नाय म्हणणार?"

आवडाला रडू आणि हसू एकदमच आलं. तशीच ती मेंढवाड्यात पळाली.

माती घट्ट झाली होती. तिनं काठीनं उकरली, मग नखांनी. दगड बाहेर काढून परकराला पुसला. मधला खळगा तसाच होता. तिनं त्यात अंगठा ठेवून बघितला. बाबाचा अंगठा मोठा. तिचा त्यात सहज मावला, आणि बाजूला जागा उरली.

उतरंडीजवळ आल्यावर तिनं द्वारकाबाईला सांगितलं, "तुमचा तुम्ही धरा. मी म्हणलं की उचला."

बाबानं शिकवलं होतं तसे तिनं आधी दगडाचे पाय शोधले. बोटांनी खालचं अंग चाचपलं. एक, दोन, तीन.

"उचला."

तांबूस दगड वर गेला, करडा दगड खाली आला. डुलला. आवडानं श्वास रोखला, दगड केसाएवढा फिरवला, परत फिरवला. आणि बोटांना कळलं. तिनं एक हात सोडला. मग दुसरा.

दगड बसला.

आजीनं हात वर नेऊन त्या खळग्यावरून एकदा फिरवला, लहान पोराच्या टाळूवरून फिरवावा तसा. मग तिथंच खाली बसून ती रडली. अडीच वर्षांत पहिल्यांदा. आवडा तिच्या पाठीला टेकून बसून राहिली.

द्वारकाबाई आपला दगड पदरात घेऊन लांब उभी होती. पाय निघत नव्हता तिचा. थोड्या वेळानं आवडाच उठून तिच्याकडं गेली.

"तुमचं घर इथं नको," ती म्हणाली. "तिथं कडेला बांधू. तिथून शहराकडची वाट दिसती. अन् एका दगडाचं घर नसतंय. खाली मोठा पाहिजे. वाकवत नाय ना? मी आणते."

दोघींनी मिळून घर रचलं. सात दगडांचं झालं.

"बाई, ही तर खरंच माडी झाली," द्वारकाबाई म्हणाली. "आता जिना कुठून काढू?"

"ते देवाला सांगा."

दिवस कलला. म्हाळसाबाईनं चूल पेटवली. एक भाकर आवडाची थापली, एक स्वतःची. मग सवयीनं तिसऱ्या भाकरीचं पीठ हातात घेतलं आणि ती थांबली. पिठाचा गोळा हातात धरून बसली. तव्यावर धूर व्हायला लागला.

"थाप," आवडा म्हणाली.

"कोणापायी?"

"थाप तर."

ती भाकर आवडानं फडक्यात बांधली, वर मिठाचा खडा ठेवला, आणि उतारावरून धावत जाऊन द्वारकाबाईला गाठलं. बाई हळूहळू उतरत होती.

"पोरी, आज माझा उपास आहे गं."

"म्हणून तर. उद्या सकाळी खा. शिळी भाकर मिठासंगं लई गोड लागती."

परत आल्यावर तिनं पाहिलं, दुरडी भिंतीला उपडी टेकवलेली होती. तिच्याखाली काही नव्हतं. त्या रात्री झोपडी तिला फार मोठी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोपडीचं सामान एका तट्टावर मावलं. एक तवा, दोन घोंगड्या, दुरडी, कातर. कडूबानं उतरंड बघितली, डोक्यावरचं पागोटं काढलं, परत घातलं, आणि नाक शिंकरून मेंढरांवर उगाच ओरडला. आजीला त्यानं तट्टावर बसवलं.

"मागं बघू नको, माय."

"बघून दिसणार हाय व्हय मला?" म्हाळसाबाई म्हणाली.

डोंगर उतरून सगळे फाट्यावर आले. एक वाट फर्दापूरच्या अंगाला जाते, दुसरी खुलताबादेकडं. कळप खुलताबादच्या वाटेला लागला. धूळ उडाली, घंटा वाजत पुढं गेल्या. फाट्यावर बाबाचे तीन दगड तसेच उभे होते, वरच्याचं तोंड फर्दापूरकडं.

"आवडे, चल की!" पुढून कडूबाची हाक आली.

"आले! तुम्ही व्हा पुढं!"

ती खाली बसली. दोन चपटे दगड शोधले, एक लांबट शोधला. बाबाच्या दगडांशेजारी, हाताच्या अंतरावर, तिनं चपट्यावर चपटा ठेवला. त्यांवर लांबट दगड ठेवला, त्याचे पाय हुडकले, आणि बोटांना कळेपर्यंत फिरवत त्याचं तोंड खुलताबादच्या वाटेकडं केलं.

मग उठून ती धुळीमागं पळत सुटली.